भात्यावरचा हात

मला पेटी शिकवताना दादांनी सुरुवात डाव्या हातापासून केली. दादा म्हणजे माझे वडील. अंबाजोगाईत आणि आसपासच्या गावांत ते कीर्तनाला आणि भजनाला पेटीची साथ करीत, आणि सप्त्यांच्या दिवसांत आठ-आठ दिवस घरी नसत. मी सात वर्षांची झाले तेव्हा त्यांनी मला पेटीमागे बसवले, स्वतः समोरून हात लांबवून पांढरी एकची पट्टी दाबून धरली आणि मला फक्त भाता हलवायला सांगितले. सूर मध्येच फुगला किंवा बसला की ते एवढेच म्हणत, "आपटू नको बाई, सोड त्याला." असे आठ दिवस गेल्यावर कुठे उजव्या हाताला पट्ट्यांवर जाण्याची परवानगी मिळाली. त्यानंतर वीस वर्षे माझा डावा हात भात्यावर राहिला आणि उजव्या हाताने गायकाच्या मागे धावणे, जागा भरणे, मुखड्याला परत येणे ही सगळी कामे केली.

आपल्याकडे डाव्या हाताला तसा मान नाही. प्रसाद डाव्या हाताने घेऊ नये असे लहानपणापासून सांगितले जाते, आणि अगदी सोप्या कामाला आपण डाव्या हाताचा मळ म्हणतो. त्यामुळे १९९८ मध्ये मुंबईहून टेंपोतून एक जुना अपराइट पियानो संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, आमच्या घरी आला आणि मी त्याच्यासमोर बसले, तेव्हा माझ्या या हाताचे काय करायचे हेच मला कळेना. पियानोला भाता नसतो. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आदळते, सूर जन्माला येतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो. त्याला वारा घालून जिवंत ठेवता येत नाही. पहिले काही महिने मी उजव्या हाताने अभंगांच्या चाली वाजवीत असे आणि डावा हात मांडीवर पडल्या पडल्या नकळत पुढेमागे होत असे.

जॅझमधल्या थोर पियानोवादकांच्या ध्वनिमुद्रणांविषयी मी आज जे लिहिणार आहे, ते या रिकाम्या हाताच्या बाजूने लिहिलेले आहे. या संगीताविषयी बोलताना बहुतेक लोक उजव्या हाताच्या धावत्या ताना, वेग आणि कल्पकता यांविषयी बोलतात आणि ते योग्यही आहे. पण गेली पंचवीस वर्षे मी ही ध्वनिमुद्रणे ऐकते ती डाव्या हाताचा माग काढीत, आणि माझे असे मत झाले आहे की जॅझ पियानोची खरी गोष्ट डाव्या बाजूला घडते: कधी काय वाजवायचे यातून, आणि पुढे पुढे काय वाजवायचे नाही यातून.

पियानो घरी येण्याच्या दोन वर्षे आधी, १९९६ च्या डिसेंबरात, मुंबईहून परतताना मी ऑस्कर पीटरसन यांच्या 'नाइट ट्रेन'ची कॅसेट घेतली होती. घेण्याचे कारण केवळ नाव. रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने जायचे होते आणि मुखपृष्ठावर आगगाडी होती. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या पीटरसन यांचे वडील रेल्वेत पोर्टर होते, हे मला पुष्कळ नंतर समजले. १९६२ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसमध्ये रे ब्राऊन यांच्या बास, म्हणजे खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याच्या, आणि एड थिगपेन यांच्या ड्रम्सच्या साथीने केलेले हे ध्वनिमुद्रण मी वॉकमनवर दोनदा ऐकेपर्यंत मनमाड मागे पडले होते. त्यातले दुसरे वादन ड्यूक एलिंग्टन यांच्या 'सी जॅम ब्लूज'चे आहे. या रचनेच्या धुनेत फक्त दोन स्वर आहेत, आणि सी हा षड्ज धरला तर ते दोन स्वर म्हणजे पंचम आणि वरचा षड्ज. लहान मुलाला पेटीवर पहिल्या आठवड्यात शिकवता येईल अशी ही धून. पण पीटरसन ती वाजवून झाल्यावर बास आणि ड्रम्सना थांबवतात आणि चार मापे (एक माप म्हणजे चार मात्रांचा गट) एकट्या पियानोला मोकळी सोडतात. त्या चार मापांत ठेका कुणीही धरलेला नसतो, तरी गाडीतल्या मधल्या बाकावर बसून माझा पाय अचूक मात्रेवर पडत होता. हे कसे घडते, हा प्रश्न मी त्या रात्री घरी घेऊन आले.

उत्तर शोधण्यासाठी त्या ध्वनिमुद्रणाच्याही चाळीस वर्षे मागे जावे लागते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९२० च्या सुमारास पियानोवादक एकट्याने अख्ख्या वाद्यवृंदाचे काम करीत. घरभाडे गोळा करण्यासाठी भाडेकरू आपल्याच घरात गाण्याबजावण्याची रात्र ठरवीत, येणाऱ्यांकडून थोडे पैसे घेत, आणि तिथे नाचणाऱ्यांसाठी पहाटेपर्यंत एकटा पियानो वाजत असे. या शैलीला स्ट्राइड म्हणतात, म्हणजे ढांगा टाकणे. तीत डावा हात लंबकासारखा झुलतो: पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खर्जातला सूर, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मध्य सप्तकातली कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले काही सूर. तबल्याचा ठेका आणि तंबोऱ्याची आस ही दोन्ही कामे एकाच हाताने करायची, आणि तीही नजर दुसरीकडे ठेवून.

जेम्स पी. जॉन्सन यांचे 'कॅरोलिना शाउट' हे या शैलीचे मूळपीठ मानले जाते. १९२१ मधली ही तबकडी प्रथम ऐकली तेव्हा माझी निराशा झाली, कारण मला जो हात ऐकायचा होता तोच त्यात दबलेला होता. तेव्हा मायक्रोफोन नव्हते; कर्ण्यासमोर वाजवायचे आणि आवाजाच्या कंपनानेच सुई मेणावर रेघ ओढायची, अशी ती पद्धत होती, आणि त्या कर्ण्यात खालचे सूर नीट उतरत नसत. तरीही चांगले हेडफोन लावून चार-पाच वेळा ऐकले की सापडते: जॉन्सन यांचा डावा हात सरळ झुलता झुलता मध्येच आठ मात्रांची विभागणी दोन-दोनऐवजी तीन, तीन आणि दोन अशी करतो आणि जणू काही झालेच नाही अशा थाटात समेवर येतो. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत वाढलेल्या माणसाला ही जागा ओळखीची वाटते. आमच्याकडचा चांगला पखवाजी अभंगाच्या शेवटी नेमके हेच करतो. तरुण वयात ड्यूक एलिंग्टन यांनी ही रचना यांत्रिक पियानोच्या कागदी गुंडाळीवरून, गुंडाळी हळू फिरवून आणि खाली जाणाऱ्या पट्ट्यांवर बोटे ठेवून, पाठ केली होती.

१९२५ नंतर विजेचे मायक्रोफोन आले आणि डाव्या हाताला पहिल्यांदा त्याचा हक्काचा आवाज मिळाला. जॉन्सन यांचे शिष्य फॅट्स वॉलर यांचे १९२९ मधले 'हँडफुल ऑफ कीज' ऐकताना हा फरक लगेच जाणवतो. वॉलर विनोदी गाण्यांमुळे लोकप्रिय झाले आणि त्या लोकप्रियतेखाली त्यांचा पियानो काहीसा झाकला गेला, याचे मला वाईट वाटते. त्यांचे पंजे मोठे होते आणि एका सप्तकापलीकडचा गंधार, म्हणजे दहावा स्वर, ते षड्जासोबत सहज दाबीत. माझा हात नवव्या स्वराशी संपतो. त्यामुळे मला दहावा तोडून, खालचा सूर आधी आणि वरचा किंचित मागून, असा वाजवावा लागतो. अनेक वर्षे मला ती माझी उणीव वाटत असे. नंतर लक्षात आले की मोठ्या पंजाचे वादकही कधीकधी मुद्दाम तसेच वाजवतात, कारण तुटलेल्या दहाव्यात एक हलका झोका येतो.

आर्ट टेटम यांच्याविषयी लिहिताना प्रत्येक जण वेगाविषयी लिहितो. ओहायोतल्या टोलेडो गावात १९०९ मध्ये जन्मलेल्या, एका डोळ्याने पूर्ण आणि दुसऱ्याने बहुतांशी अंध असलेल्या या माणसाचे १९३३ मधले 'टी फॉर टू' ऐकले की वेगाविषयी बोलल्यावाचून राहवत नाही, हे खरे आहे. टेटम यांची तबकडी प्रथम ऐकताना दोन माणसे वाजवीत आहेत असे आपल्याला वाटले आणि खरे कळल्यावर काही काळ आपण पियानोला हातच लावला नाही, असे पीटरसन स्वतः सांगत. पण मला टेटम सापडले ते १९४९ मधल्या 'विलो वीप फॉर मी'मध्ये. लय संथ आहे, आणि म्हणून डावा हात काय करतो ते दिसते. तो एका जागी थांबून ठेका धरीत नाही. दहाव्या स्वरांच्या जोड्यांनी तो पायऱ्या उतरावा तसा चालत राहतो, आणि प्रत्येक पायरीवर त्याच धुनेखालची कॉर्ड बदलून टाकतो. धून तीच, शब्द तेच, पण खालची जमीन सरकलेली. एकच अभंग दोन वेगळ्या रागांत ऐकताना होते तसे काहीसे, फक्त इथे ते एकाच चालीत, एका मापाच्या अंतराने घडते. मी या वादनातली पहिली सोळा मापे उतरवून घेतली आहेत. त्यांना मला एक उन्हाळा लागला.

अर्ल हाइन्स यांचे १९२८ च्या डिसेंबरातले 'वेदर बर्ड', लुई आर्मस्ट्राँग यांच्या ट्रम्पेटबरोबरचे केवळ दोघांचे वादन, इथे घाईने सांगून पुढे जाते, कारण त्याच्याविषयी स्वतंत्रच लिहायला हवे. एवढेच नोंदवते की तिथे डावा हात मध्येच ठेका सोडून देतो, काही मात्रा दोघेही अधांतरी असतात, आणि तरी दोघेही एकाच क्षणी जमिनीवर येतात.

एरॉल गार्नर यांच्या 'कॉन्सर्ट बाय द सी'वर मात्र मला थांबायचे आहे. १९ सप्टेंबर १९५५ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या कार्मेल गावात, एका शाळेच्या सभागृहात ही मैफल झाली. तबकडी काढण्याच्या तयारीने ती ध्वनिमुद्रित झालेली नव्हती. बास फार मागे आहे, ड्रम्स दूर कुठेतरी वाजतात, आणि पियानोही उत्तम स्थितीत नाही. ज्याला हे दोष वाटतात त्याला वाटोत. माझ्यासाठी त्यांचा परिणाम असा झाला की गार्नर यांचा डावा हात खोलीत शेजारी बसल्यासारखा ऐकू येतो. तो चारही मात्रांना, गिटारवर हात फिरवावा तशा, सारख्या वजनाच्या कॉर्ड वाजवतो. हा हात जराही हलत नाही, आणि उजवा हात त्याच्या किंचित मागे राहतो. धून उशिरा येते, इतकी उशिरा की आता ही पडणार असे वाटते, आणि मग ती डाव्या हाताला येऊन मिळते. दादांना मी हे ऐकवले तेव्हा ते म्हणाले, "हा माणूस लयीच्या पाठीमागं बसून गातोय." ठुमरी गाणारे किंवा बैठकीची लावणी गाणारे कलावंत जे करतात ते गार्नर दोन हातांत वाटून घेतात.

गार्नर यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. उंची कमी असल्यामुळे ते बैठकीवर टेलिफोनच्या जाड डिरेक्टऱ्या ठेवून बसत. त्यांच्या सुरुवातीही मला फार आवडतात: या मैफलीतले पहिलेच 'आय विल रिमेंबर एप्रिल' घ्या. ते अशा काही गडगडाटाने सुरू होते की कोणते गाणे येणार याचा पत्ता लागत नाही, आणि मग एकदम पडदा बाजूला सारावा तशी धून येते. २०१५ मध्ये या मैफलीचे संपूर्ण ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले, पण मी आजही आधी जुनाच क्रम ऐकते.

वाईट पियानोचा विषय निघालाच आहे तर माझ्या पियानोविषयी दोन वाक्ये लिहिते. मराठवाड्याचा उन्हाळा लाकडाला सोसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते, आतला लाकडी पडदा आकसतो आणि तारा उतरतात. मग जूनमध्ये पाऊस पडला की तेच लाकूड फुगते आणि पट्ट्या अडकू लागतात. पुण्याहून वर्षातून दोनदा सूर लावायला येणाऱ्या कारागिरांच्या सांगण्यावरून मी उन्हाळ्यात पियानोच्या खालच्या फळीआड पाण्याचे भांडे ठेवते, आणि त्या खोलीत कूलर लावत नाही, कारण त्याचा ओला झोत थेट लागला तर उलटेच नुकसान होते. कार्मेलच्या त्या पियानोवर गार्नर यांनी जे केले ते मी म्हणूनच फार आदराने ऐकते.

१९४० च्या दशकात डाव्या हाताचे जुने काम संपले. पियानो, बास आणि ड्रम्स अशी तिघांची मांडणी रूढ झाली. खर्जातला सूर बासने घेतला, लय ड्रम्सच्या झांजेने घेतली, आणि लंबकासारखे झुलण्याची गरजच उरली नाही. बड पॉवेल यांच्यावर काही जण असा आक्षेप घेत की त्यांना डावा हातच नाही. १९५१ मधले 'उन पोको लोको' ऐकून हा आक्षेप तपासून पाहावा. त्यात डावा हात कमी वाजतो हे खरे आहे: दोनच सुरांची एखादी मोकळी जोडी, तीही अपेक्षित नसलेल्या मात्रेवर. पण तबल्याच्या जोडीतला डग्गा प्रत्येक बोलाला थोडाच वाजतो? उजव्या हाताची वाक्ये जिथे श्वास घेतात तिथे पॉवेल यांची ही जोडी पडते आणि पुढच्या वाक्याला ढकलते. या रचनेचे त्या दिवशीचे तीन प्रयत्न प्रसिद्ध झाले आहेत, आणि ड्रम्सवादक मॅक्स रोच यांचा घंटेवरचा ठेका तिन्हींत कसा घट्ट होत जातो ते ऐकण्यासारखे आहे. शेवटच्या प्रयत्नात पॉवेल बराच वेळ एकाच सुराभोवती फिरत राहतात. १९४५ मध्ये पोलिसांच्या मारहाणीत डोक्याला झालेली इजा आणि त्यानंतरचे मनोरुग्णालयांतले महिने यांनंतरचे हे वादन आहे, हे एकदा कळले की विसरता येत नाही.

थेलोनियस मंक पॉवेल यांचे मित्र आणि वयाने सात वर्षांनी मोठे. त्यांनी जुना झुलता हात टाकून दिला नाही. एकट्याने वाजवताना ते तो परत काढतात, पण त्यातल्या काही पायऱ्या गाळून. 'थेलोनियस हिमसेल्फ' या १९५७ मधल्या संग्रहाच्या नंतरच्या आवृत्तीत 'राउंड मिडनाइट' या त्यांच्याच रचनेवर स्टुडिओत काम करतानाचे सुमारे २२ मिनिटांचे ध्वनिमुद्रण आहे. रियाज करणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकावे असे मला मनापासून वाटते. दहा वर्षांहून अधिक काळ आपण वाजवत असलेली रचना हा माणूस पुन्हा पुन्हा थांबवतो, एक कॉर्ड बदलून पाहतो, परत मागे जातो. डावा हात एक सूर लावतो आणि वाट पाहतो. तो सूर विरत असताना पुढचा कोणता हवा हे जणू त्या विरण्यातूनच ठरते. मंक यांच्या लगतच्या दोन पट्ट्या एकदम दाबण्याविषयीही माझे एक मत आहे. पेटीवाल्याचे जन्मभराचे दुःख म्हणजे दोन पट्ट्यांमधला सूर. गायक कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कुठेतरी आंदोलन घेतो आणि पेटी तिथे पोहोचत नाही. ब्लूज गाणाऱ्यांचा गंधारही तसाच मधला असतो. मंक दोन्ही पट्ट्या एकत्र दाबतात आणि त्या घर्षणातून कानाला मधल्या सुराचा भास करून देतात. मी पेटीवर हे एकदा भजनात करून पाहिले, आणि दादांनी माझ्याकडे वळून पाहिले.

आता बिल एव्हान्स. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कमधल्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये एव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशन यांनी दुपारी आणि रात्री मिळून पाच बैठका वाजवल्या आणि त्या सर्व ध्वनिमुद्रित झाल्या. मागे पेल्यांचा किणकिणाट आहे, लोक बोलत आहेत, कुणी हसते आहे. लाफारो यांच्याच 'ग्लोरियाज स्टेप'च्या पहिल्या प्रयत्नात वीज गेल्यामुळे आवाज काही क्षण नाहीसा होतो. २००५ च्या संपूर्ण संचात तो तसाच ठेवला आहे. भारनियमनाच्या दिवसांत अंधारात रियाज केलेल्या मला त्या खंडित क्षणी उगाचच घरच्यासारखे वाटते. त्यानंतर अकरा दिवसांनी, ६ जुलै रोजी, २५ वर्षांचे लाफारो मोटार अपघातात गेले.

या ध्वनिमुद्रणांनी माझ्या डाव्या हाताला अखेर काम दिले, आणि ते काम समजायला मला पेटीचेच ज्ञान उपयोगी पडले. सी हा षड्ज माना. जॅझमधली सर्वांत नेहमीची वाटचाल म्हणजे ऋषभावरची कॉर्ड, मग पंचमावरची, मग षड्जावरची. एव्हान्स आणि त्यांच्या पिढीचे वादक डाव्या हाताने पहिल्या कॉर्डला म, ध, सा, ग हे स्वर दाबतात. दुसरीला म, ध, नि, ग. आणि तिसरीला ग, प, नि, रे. नीट पाहिले तर पहिलीकडून दुसरीकडे जाताना चारांपैकी एकच बोट हलते, सा वरून नि वर, आणि तेवढ्याने सगळा रंग बदलतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की ऋषभाच्या कॉर्डमध्ये ऋषभ नाही, पंचमाच्या कॉर्डमध्ये पंचम नाही, आणि जिथे घरी पोहोचायचे त्या षड्जाच्या कॉर्डमध्ये षड्जच नाही. मूळ सूर बासवाल्यासाठी मोकळा ठेवला आहे. लाफारो तो देतात, किंवा कित्येकदा तेही देत नाहीत आणि वरच कुठेतरी गात राहतात; तरी ऐकणाऱ्याच्या कानात तो उमटतोच.

ज्या घरात सा लावल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, त्या घरात वाढलेल्या मला हे पचायला वेळ लागला. काही वर्षांपूर्वी दिवाळीत दादा आमच्याकडे आले असताना मी या तीन कॉर्ड हळूहळू वाजवीत होते. ते बाजूच्या खुर्चीवर पेपर वाचत होते. थोड्या वेळाने पेपर खाली ठेवून त्यांनी विचारले, "यात सा कुठंय गं?" मी म्हणाले, "नाही दादा, तो सोडलाय." ते उठले, माझ्या डावीकडे येऊन उभे राहिले आणि खर्जात एका बोटाने सूर शोधू लागले. मी कॉर्ड बदलत होते आणि ते कानाने वाट काढत होते. तिसऱ्या फेरीला त्यांना सापडले: रे, मग प, मग सा. त्यांच्या त्या एका बोटाखाली माझ्या चार बोटांना एकदम अर्थ आला. आम्ही बहुधा पंधरा मिनिटे तेवढेच वाजवीत होतो. लाफारो कोण, हे मी त्यांना त्यानंतर सांगितले.

एव्हान्स एकटे असताना मात्र हा मोकळेपणा ठेवत नाहीत, हेही सांगायला हवे. १९५८ च्या डिसेंबरातल्या 'पीस पीस'मध्ये डावा हात दोन मापांचे एकच आवर्तन साडेसहा मिनिटे जवळजवळ न बदलता वाजवतो, एका मापाचा पाया षड्ज आणि दुसऱ्याचा पंचम. मला तो तंबोराच वाटतो. त्यावर उजवा हात आधी साधे स्वर ठेवतो, मग हळूहळू षड्जाशी भांडणारे स्वर आणतो, पक्ष्यांच्या किलबिलाटासारखे, आणि डावा हात ते सर्व ऐकूनही जागचा हलत नाही. पुढच्याच वर्षी माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू'मधल्या 'फ्लेमेंको स्केचेस'ची सुरुवात याच आवर्तनातून झाली. संपूर्ण जॅझ पियानोतून एकच वादन निवडायला सांगितले तर मी हे निवडीन.

मॅकॉय टायनर यांचा डावा हात याच्या अगदी विरुद्ध टोकाचा आहे. १९६४ मधल्या जॉन कोल्ट्रेन यांच्या 'अ लव्ह सुप्रीम'मध्ये आणि १९६७ मधल्या स्वतःच्या 'द रियल मॅकॉय'मध्ये तो खर्जात षड्ज-पंचमाचा घाव घालतो आणि क्षणात वर येऊन मध्यमाच्या अंतराने रचलेल्या कॉर्ड वाजवतो. त्या कॉर्डमध्ये गंधाराचा गोडवा नाही, म्हणून त्यांना निश्चित घर नाही, आणि म्हणून उजव्या हाताला कुठेही जाता येते. हे ऐकून झाल्यावर मला नेहमी थोडा वेळ शांत बसावे लागते.

कीथ जॅरेट यांच्या 'कोल्न कॉन्सर्ट'विषयी फार लिहिले गेले आहे, म्हणून थोडेच लिहिते. २४ जानेवारी १९७५ रोजी जर्मनीतल्या त्या ऑपेराघरात चुकीचा, छोटा आणि नीट न लागलेला पियानो रंगमंचावर आला होता. त्याच्या खर्जात दम नव्हता आणि वरचे सूर पत्र्यासारखे वाजत होते. जॅरेट मधल्या सप्तकांत राहिले आणि डाव्या हाताने लहान लहान आवर्तने पुन्हा पुन्हा वाजवून त्या दुबळ्या खर्जाला जोर दिला. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला हा हात जे करतो ते मला पहिल्या भागाच्या गाजलेल्या सौंदर्यापेक्षा अधिक मोलाचे वाटते. २०१८ मध्ये जॅरेट यांना दोनदा पक्षाघात झाला आणि त्यांचा डावा हात निकामी झाला. ते आता एका हाताने, उजव्या, काही वाजवू शकतात.

पीटरसन यांच्यावरही हीच वेळ आली होती. १९९३ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू दुबळी झाली, आणि मी देवगिरी एक्स्प्रेसमध्ये ती कॅसेट ऐकत होते तेव्हा तो १९६२ चा हात प्रत्यक्षात राहिलेला नव्हता, हे मला ठाऊक नव्हते. ते मैफलींकडे परतले. २००३ मधल्या व्हिएन्नाच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण मी पहिल्यांदा ऐकायला घेतले तेव्हा मनात धास्ती होती, आणि पहिल्या काही मिनिटांत मी सवयीने डाव्या बाजूला कान लावून बसले. तिथे फार थोडे आहे. एखादी कॉर्ड, मग बराच वेळ काही नाही, आणि त्या मोकळ्या जागेत नील्स-हेनिंग ऑर्स्टेड पेडरसन यांचा बास आपल्या पायांनी चालत येतो. उजव्या हाताची वाक्ये लांब आहेत, पूर्वीइतकी वेगवान नाहीत, पण लय तसूभरही ढळत नाही. ती कुठे धरलेली आहे हे शोधत मी ती मैफल तीनदा ऐकली.

त्यानंतर मी 'सी जॅम ब्लूज' पुन्हा बसवायला घेतले. बास आणि ड्रम्स थांबतात त्या चार मापांत मी पूर्वी डाव्या हाताने घाबरून काहीतरी भरत असे, पडलेला ठेका सावरावा तसे. आता तिथे मी तो हात उचलून मांडीवर ठेवते, आणि उजव्या हाताने त्या चार मापांतून पलीकडे जाते. मांडीवर तो आता पुढेमागे होत नाही.